गेटवरच्या ताईंचं सनस्क्रीन

चाकणच्या ज्या कंपनीत मी रोज टेम्पोनं खोके पोचवतो, तिथल्या गेटवरच्या सिक्युरिटी ताईंशी माझं पटत नाही. घासाघीस करत मी एका टेम्पोचे चार केले, पण या बाईंनी मला एकदाही रांग मोडू दिली नाही. गेटपाससाठी हात पुढे करून "भाऊ, पास," एवढंच बोलतात.

थंडीत त्या चेहऱ्याला खोबरेल चोपडून येतात. होळी झाली की तेल बंद. मग दर दोन तासांनी घड्याळ बघून ओल्या रुमालानं घाम टिपायचा आणि सनस्क्रीनचा जाड थर द्यायचा. तेवढा वेळ माझी गाडी उभी! ड्रायव्हर हसतात, "ताई, पिठाच्या गिरणीतून आलात का?"

"उन्हातून आले," त्या म्हणतात.

परवा नवे साहेब गेटवर आले. "पाहुणे येतायत. तोंडावरचं ते पांढरं पुसा, बाई. बरं दिसत नाही."

"पुसते. मला सावलीत उभं करा."

"नोकरी करायचीय ना?"

"करायचीय, म्हणून तर लावते. मागच्या उन्हाळ्यात नाकाची सालं निघाली होती." आणि साहेबांसमोरच ट्यूब काढून त्यांनी नाकावर आणखी एक थर दिला.

साहेब माझ्या टेम्पोपुढेच आडवे उभे होते. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. "साहेब, बाजूला व्हा, माल उतरवायचाय!" ते पुटपुटत आत गेले.

ताई माझ्या खिडकीशी आल्या.

"भाऊ, इथं हॉर्न वाजवायला बंदी आहे," त्या म्हणाल्या. "पास."