डाव्या बाजूची मिशी

चहा घ्या आधी. बिस्कीट बुडवायचं असेल तर आत्ताच बुडवून घ्या, कारण आता जी फजिती सांगणार आहे ती ऐकताना कपबशी खाली ठेवलेली बरी. मागच्या वेळी सांगितली तेव्हा आमच्या व्याह्यांनी अख्खा कप धोतरावर सांडला होता. आणि धोतर नवं होतं!

तर मंडळी, केसांविषयी माझ्याइतकं ज्ञान सबंध कोडोलीत कुणाला नाही. हसू नका. शाळेची पायरी मी चढलो नाही, पण पन्नास वर्षं म्हशी भादरतोय. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी नटवून मिरवतात की नाही? त्याआधी म्हशीच्या अंगावरचे केस वस्तऱ्यानं काढून तिला आरशासारखी चकचकीत करायची, हे माझं काम. दहा गावांतून बोलावणं येतं. घाई करत नाही मी. एका म्हशीला अर्धा दिवस लावतो, पण एवढीशी जखम नाही की एक केस मागं राहिलेला नाही.

आणि पन्नास वर्षांत एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. पाडव्याला भादरलेली म्हस संक्रांतीपर्यंत पहिल्यापेक्षा दाट होते. मग माणसाचं काय वेगळं असणार? केस तो केस!

इथंच माझा घात झाला.

माझी नात दिपाली. रोज एस्टीनं कोल्हापूरला जाऊन पार्लरचा कोर्स करून आली आणि घराच्या पुढच्या सोप्यात तिनं स्वतःचं पार्लर थाटलं. भिंतीएवढा आरसा, फिरती खुर्ची, गुलाबी पडदा. सोप्याबाहेर कट्टा, आणि कट्ट्यावर मी. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला माझ्यासमोरूनच जावं लागायचं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. गल्लीतली मालन बाहेर येता येता माझ्यापाशी थांबली. तिच्या स्नेहलचं लग्न ठरलेलं, यंदाच्या तुळशीच्या लग्नानंतरचं. नवरी, नवरीच्या बहिणी, मावश्या, सगळ्यांचं काम दिपालीकडं यायचं होतं. आणि मालन म्हणजे अशी बाई, की ती ज्या दुकानातून बांगड्या भरेल तिथं दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली हात पुढं करून उभी!

"आबा," मालन हळूच म्हणाली, "ही दिपाली म्हणत्या, व्हॅक्सिंग केलं की केस हळूहळू कमी हुत जात्यात. खरं हाय का?"

"कोण म्हणतंय?"

"तुमचीच नात की!"

"ल्हान हाय ती अजून. मालन, म्हस भादरली की काय हुतंय?"

"काय हुतंय?"

"दुप्पट उगवतंय! आणि दिपाली तर मुळासकट उपटत्या. म्हंजे चौपट!"

मालननं छातीवर हात ठेवला. "आगं बया! म्हंजे माझी पोरगी सासरी जाऊन अस्वल हुईल व्हय?"

"अस्वल म्हणत न्हाय मी," मी समजुतीनं म्हणालो, "पर थंडीत शाल लागायची न्हाय."

मला वाटलं, चार शहाणपणाचे शब्द सांगितले. संध्याकाळी ते शब्द दूध डेअरीवर पोचले. डेअरीवरून परत आले तेव्हा त्यात एक मुलगी आली होती, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्या मुलीला दाढीसुद्धा फुटली होती. कुणाची मुलगी, कुठल्या गावची, कुणाला ठाऊक नाही. दाढी मात्र सगळ्यांनी पाहिलेली!

आठवड्यात पार्लर ओस पडलं. भुवया कोरून घ्यायला दोघी-तिघी यायच्या, त्याही माझ्याकडं भीत भीत बघत. एक दिवस दिपाली पडदा सारून बाहेर आली. डोळे लाल.

"आबा, काय सांगितलासा मालनकाकूला?"

"खरं ते सांगितलं. पन्नास वर्सं..."

"आवो, म्हशीचं केस तुमच्या वस्तऱ्यानं वाढत न्हाईत! दिवाळी झाली की थंडी पडत्या, म्हणून वाढत्यात! न भादरलेल्या म्हशीचं बी वाढत्यात की!"

आता बघा, पन्नास वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण नातीसमोर असं कबूल करायचं असतं का?

"आणि वस्तऱ्यानं कापलं की केसाचं टोक बोथट हुतंय," ती पुढं म्हणाली, "म्हणून हाताला रखरखीत लागतंय. दाट न्हाय हुत. व्हॅक्सिंगचं येगळं. तुम्ही ऊस लावलायसा की न्हाय? तोडला की त्याच मुळावर खोडवा येतोय. खोडव्याचा परत खोडवा घेतला, परत घेतला, तर ऊस कसा येतोय?"

"करंगळीएवढा."

"मग? तसंच हाय ह्ये. महिन्या-सव्वा महिन्यानं केस परत येत्यात, कायमचं जात न्हाईत, आणि समद्यांचं सारखं बी नसतंय. पर परत परत काढलं की बहुतेकांचं बारीक, मऊ येत्यात."

उसाचं उदाहरण जरा लागलं मला. पण मी मागं हटणारा नव्हे. "ऊस तो ऊस, केस तो केस," मी म्हणालो.

तेव्हा ती खालच्या आवाजात बोलली. "दिवाळीपतोर बघतो आबा. बायका आल्या तर आल्या, न्हाईतर खुर्ची इकतो आणि पुण्याला कुणाच्यातरी पार्लरात कामाला जातो."

पण ज्ञान ते ज्ञान! मी दोन्ही बाह्या वर सारल्या.

"हे बघ. डावा हात तुझा. दर म्हयन्याला उपट. उजवा हात माझा. मी वस्तऱ्यानं भादरतो. दिवाळीला मालनला दोन्ही दावू. डाव्यावर चौपट जंगल उगवलं तर मी खरा. न्हाय उगवलं, तर मीच गल्लीभर सांगत फिरतो की म्हाताऱ्याला कळत न्हाय."

मालनलाही पैज पसंत पडली. तोवर स्नेहलच्या हाताला कुणी बोट लावायचं नाही, असं तिनं बजावलं.

मग पहिलं व्हॅक्सिंग. डब्यातला तो जिन्नस पाहिला आणि म्हटलं, अगं, ही तर गुऱ्हाळावरची काकवी! तोच रंग, तशीच धार. दिपालीनं ती कोमट काकवी हातावर फासली, वर कापडाची पट्टी दाबली आणि म्हणाली, "आबा, तिकडं म्हशीकडं बघा."

"का गं?"

फर्रर्र!

मी ओरडलो नाही हां. एवढंच झालं, की गोठ्यातली म्हस उभी राहिली आणि शेजारच्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, "कोण गेलं ओ?"

आता नीट ऐका. खरी फजिती अजून यायचीच आहे.

माझी मिशी. उजवीकडून अशी झुपकेदार, की बघणाऱ्यानं दोन पावलं बाजूला व्हावं. डावीकडून मात्र तरुणपणापासून जरा विरळ. त्या डाव्या बाजूनं मला आयुष्यभर छळलंय. लग्नात फोटोवाल्यानं दहा वेळा सांगितलं, पावणं, समोर बघा, तरी मी उजवा गाल पुढं करूनच उभा. मग माझ्या मनात आलं: मुळासकट उपटलं की चौपट येणार, हे तर पक्कंच आहे. तर मग हातावरच कशाला वाया घालवायचं?

सांगा, चूक काय विचारात?

दिपाली दुपारी जेवायला आत गेली की मी डब्यातली बोटभर काकवी काढायचो. गोठ्यामागं जायचो. मिशीच्या डाव्या बाजूला लावायची, जुन्या धोतराची चिंधी दाबायची, डोळे मिटायचे आणि फर्रर्र! डोळ्यांसमोर पन्हाळगड दिसायचा, तोही दोन-दोन!

"मिशीला काय झालं?" आमच्या म्हातारीनं विचारलं.

"बिडीनं पोळली."

दुसऱ्या महिन्यात पुन्हा पोळली. तिसऱ्या महिन्यात पुन्हा. चौथ्या महिन्यात म्हातारीनं माझ्या बिड्याच लपवल्या. बरं, बिड्या नाहीत तरी मिशी पोळतेच आहे, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. नशीब माझं!

तिकडं दिपालीला डबा कमी झालेला कळायला लागला. एक दिवस तिनं आजीलाच गाठलं. "आजी, खरं सांग, काकवी समजून भाकरीसंगं खाल्लीस न्हवं?"

म्हातारी अशी भडकली! "मी? केस उपटायची खळ मी खाऊ? दात हायत का मला चिकटवून घ्यायला?"

त्या दिवसापासून आजी-नात एकमेकींशी बोलेनात. मी मधे गप्प. डाव्या मिशीवर बोट फिरवत, चौपटीची वाट बघत. डावीकडं प्रत्येक खेपेला केस येताना जरा कमीच वाटायचे, पण मी मनाला सांगायचो, दम धर, म्हशीलासुद्धा वेळ लागतो.

दिवाळी आठ दिवसांवर आली. मालनच्या अंगणात गल्लीतल्या बायका करंज्या करायला बसल्या होत्या. आमची म्हातारीही होती, दिपालीकडं पाठ करून. मी गेलो आणि ऐटीत दोन्ही बाह्या वर सारल्या.

उजव्या हातावर केस होते तसेच होते. ना एक जास्त, ना एक कमी. डाव्या हातावर? बाळाच्या डोक्यावर असतात तसे चार मऊ केस.

दिपालीचा चेहरा उजळला. पण मालन म्हणजे मालन! पिठाच्या हातानं तिनं माझे दोन्ही हात उलटेपालटे केले.

"व्हय, डावा हात उजाड हाय खरा," ती म्हणाली, "पर उजव्या हातानं माणूस काम करतंय. त्यो हात तगडा असायचाच. आणि म्हाताऱ्या माणसाचं केस तसंबी झडत्यात. ह्येच्या भरवशावर मी माझी पोरगी तुझ्या खुर्चीत कशी बसवू?"

बायकांनी माना डोलावल्या. "बराबर हाय मालनचं."

नवरीची, बहिणींची, मावश्यांची नावं लिहून घ्यायला आणलेली कोरी वही दिपालीनं मिटली. मला कळलं, ही पोरगी आता पुण्याला जाणार. आणि पाठवणारा मी. एका मालनपाशी बोललो नसतो, तर आज ही वही भरलेली असती.

मी सावकाश खाली बसलो.

"मालन, हात ऱ्हाऊ दे. माझी मिशी बघ."

"बिडीनं पोळल्याली न्हवं का ती?"

"बिडी न्हवं ती. उजवी मिशी बघ आणि डावी बघ. डावीला म्या गोठ्यामागं बसून दर म्हयन्याला दिपालीचं व्हॅक्स लावलंय. दाट व्हावी म्हणून! आता सांग, मिशी काय काम करती का? का एकाच नाकाखाली उजवी बाजू तरणी आणि डावी म्हातारी असती?"

मालन पुढं वाकली. सगळ्या बायका पुढं वाकल्या. डावीकडं मोजून सात केस होते, आणि त्यातला एक पांढरा.

कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं.

मग मागून आमच्या म्हातारीचा आवाज आला, "म्हंजे काकवी म्या खाल्ली नव्हती!"

"आजी, मी तुला..." दिपाली म्हणाली.

"तू गप. ह्येंचं बघतो मी. आणि माझ्या हातनं बिड्याबी लपवून घेतल्या ह्येंनी!" तिनं हातातलं लाटणं उचललं. करंजी लाटायला नव्हे, एवढं मला दिसलं.

मालनचं मात्र हसणं थांबेना. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "दिपाली," कशीबशी ती म्हणाली, "लिव्ह नावं. स्नेहल, तिच्या बहिणी, मावश्या. आणि माझं बी लिव्ह गं!"

वही त्या अंगणातच भरली. पुण्याचं नाव निघालं नाही. आज तुम्ही आलात तेव्हा कट्ट्यावर चार बायका बसलेल्या दिसल्या ना? नंबर लावून बसल्यात.

मी दुसऱ्याच दिवशी सगळी मिशी उतरवणार होतो. वस्तरा ओठाला लावलासुद्धा. दिपालीनं हात धरला.

"आबा, लगीनसराई संपंस्तवर हात लावायचा न्हाय. लोकं बोर्डावर इश्वास ठेवत न्हाईत, मिशीवर ठेवत्यात."

म्हणून ती तशीच आहे. कुणी नवीन बाई आली आणि शंका काढली, की दिपाली तिला बाहेर आणते. "आबा, जरा डावीकडं तोंड करा. आता उजवीकडं." मी करतो. काय करणार? चूक माझी, आणि तोंडही माझंच.

पण खरं सांगू? यातलं काही मला लागलं नाही. लागलं ते पाडव्याच्या आदल्या दिवशी. वीस वर्षं ज्याची म्हस मी भादरतोय तो दत्तू म्हस घेऊन दारात आला. मी वस्तरा परजला, पाणी घेतलं, ऐटीत उभा राहिलो. दत्तूनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. मग दावं हातात घट्ट धरूनच म्हणाला,

"आबा, म्हस आणलीया खरी... पर दोन्ही बाजू सारख्याच भादरशीला न्हवं?"