पायाळू बाईचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आले. आई चिडली की म्हणायची, उलटीच आलीस, उलटीच राहिलीस. पण गोंदियाच्या मालधक्क्यावर माझ्या या उलटेपणाला फार मान होता. तिथे रेल्वेच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, रिकाम्या होतात, कधी सिमेंटच्या, कधी खताच्या. पाठीवर पोतं घेताना हमालाच्या कमरेत उसण भरली, की तो वाकडातिकडा चालत थेट माझ्या चहाच्या टपरीवर यायचा आणि पालथा पडायचा. मी चप्पल काढून पाय त्याच्या कमरेला लावायची. पायाळूचा पाय लागला की उसण उतरते, ही तिथली खात्री. उतरायचीही. पायाने की घटकाभर पडून राहिल्याने, देव जाणे.

माझा नवरा त्याच धक्क्यावर हमाल. त्यांनी मात्र कधी पाय लावून घेतला नाही.

"बायकोची लात खाऊ का मी? लोक हासतील ना वो!"

मीही काही कमी नव्हते. "मंग बसा कण्हत," म्हणायची आणि स्टोव्हला पंप मारत बसायची.

त्या दुपारी ते सिमेंटच्या वाघिणीचा दरवाजा उघडत होते. प्रवासात पोती सरकून दरवाजाला रेलतात, म्हणून उघडणाऱ्याने बाजूला उभं राहायचं असतं. नव्या हमालांना ही गोष्ट तेच बजावून सांगायचे. पण दरवाजा अडकला होता, आणि जोर लावायला ते समोर गेले. दरवाजा सुटला तशी पोती त्यांच्या अंगावर आली. मी टपरीतून धावले, तर धुळीत कोण सापडलंय तेही कळेना.

हमालांनी पोती उपसून त्यांना काढलं. अशा माणसाला हलवू नये, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. नेहमीच्या सवयीने त्यांना उचलून माझ्या टपरीपुढे आणलं आणि पालथं घातलं.

"वहिनी, पाय लावा," मुकादम म्हणाला. "कंबर धरली यांची."

उसण भरलेला माणूस ओरडतो, शिव्या देतो. हे गप्प होते. मला सगळ्यांचा भयंकर राग आला.

"हे उसण नोहोय! गाडी बोलवा आधी!"

"बोलावली जी, येऊन राहिली. तोवर लावा ना."

तोवर करण्यासारखं दुसरं काही कोणाजवळच नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं. मी त्यांच्या तोंडावरचं सिमेंट पदराने पुसत राहिले.

मग तेच हळू म्हणाले, "लाव वो पाय. हासू दे लोकायले."

कोणी हसलं नाही.

मी चप्पल काढली. चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला पाय लावायचा, तोही काही उपयोग नाही हे कळत असताना. आधी हात जोडले. फाटलेला शर्ट बाजूला केला आणि उघडं पाऊल त्यांच्या कमरेवर ठेवलं. भार दिला नाही, पण पुरतं टेकवलं. अंग गरम लागत होतं. सगळे आमच्याकडे बघत उभे होते.

"लाव ना वो," ते म्हणाले. "काऊन थांबली?"

माझा पाय त्यांच्या कमरेवरच होता.