मामांना पोच हवी होती

कुठल्याही प्रश्नाला दोन बाजू असतात असं म्हणतात. आमच्या मामेसासऱ्यांना त्या दोन्ही एकाच वेळी आणि सारख्याच मनापासून पटतात. असा दुसरा माणूस बदलापूर ते उल्हासनगर या पट्ट्यात तरी सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आणि आता बदलापूर पूर्वेला, शिरगावात राहतात. कंपनीतलं मशीन एकतर चालू असायचं नाहीतर बंद, म्हणून यांची नोकरी निभली, असं मामी म्हणतात. घरी साधा पंखा घ्यायचा तर मामांनी उल्हासनगरच्या तीन फेऱ्या केल्या. एक पंखा वारा द्यायचा पण आवाज करायचा, दुसरा आवाज करायचा नाही पण वाराही द्यायचा नाही, आणि मामांना दोघांचंही म्हणणं पटत होतं. तिसऱ्या फेरीला सिंधी दुकानदाराने हात जोडले, "अंकल, पंखा लेना है या उसकी शादी करानी है?" शेवटी मामींनी जाऊन आणला. मामा आजही त्याच्याखाली बसून दुसऱ्याची आठवण काढतात.

निवडणूक आली की या स्वभावाला भरतं येतं. मामा सगळ्या पक्षांच्या चौकसभांना जातात आणि पुढच्या रांगेत बसतात. यंदा एक उमेदवार म्हणाला, "वॉर्डात घरटी एकाला सरकारी नोकरी!" मामांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात समोरचा म्हणाला, "नोकऱ्या काय याच्या खिशात आहेत? मी गटार बोलतो, गटारच देतो." मामांनी त्यालाही टाळ्या दिल्या. त्यामुळे दोन्हीकडचे कार्यकर्ते त्यांना आपलाच माणूस समजतात. मागच्या मतदानाला दोघांनीही दाराशी रिक्षा पाठवल्या होत्या. एकीत बसलो तर दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून मामा उन्हातून पायी गेले, आणि त्यांच्या मागून दोन रिकाम्या रिक्षा हळूहळू.

उमेदवाराने सरकारी नोकरीचं आश्वासन द्यावं का, यावर त्यांच्याशी बोलणं म्हणजे स्वतःचं डोकं गहाण ठेवणं. "जावईबापू, डॉक्टरने 'बरे व्हाल' म्हणायला नको का? पेशंट निम्मा तिथेच बरा होतो." मला पटलं. मी चहाचा कप खाली ठेवतोय तोवर ते म्हणाले, "पण रिपोर्ट न बघताच म्हणाला, तर त्याला डॉक्टर म्हणायचं का?" मला तेही पटलं. घरी येईपर्यंत माझं मूळचं मत काय होतं तेच आठवेना.

यंदा मात्र या प्रश्नाचं एक उत्तर घरातच हवं होतं. मामांची एकुलती एक मुलगी ऋतुजा केमिस्ट्रीची पदवीधर. पाच वर्षं सरकारी भरतीचा अभ्यास करते आहे. एकदा दोन मार्कांनी राहिली, एकदा परीक्षाच रद्द झाली, मग भरतीच निघेना. आता अंबरनाथच्या एका कंपनीने तिला लॅबमध्ये घ्यायचं कबूल केलं होतं आणि शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. ती नाही म्हणायच्या बेतात होती. "बाबा, इलेक्शननंतर भरती निघणारच, सगळे बोलतायत ना! कंपनी जॉइन केली की स्टडी बंद." सगळे म्हणजे तो घरटी नोकरीवाला.

मग मामांनी जे केलं ते फक्त मामाच करू शकतात. सोमवारी सकाळी ऋतुजाचा अर्ज, साक्षांकित झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो फाइलला लावून ते त्या उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात गेले. रिकाम्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तिथल्या कार्यकर्त्याने फाइल ठेवून घेतली, पण मामा हलेनात.

"अजून काय काका?"

"पोच."

"कसली पोच?"

"अर्ज दिला की पोच मिळते. तारीख, सही, शिक्का."

"शिक्काबिक्का नाय आपल्याकडे. टोपी घ्या ना. झेंडा देऊ?"

अर्ध्या तासाने कार्यकर्त्याने हात टेकले आणि एका प्रचारपत्रकाच्या मागे 'फाइल भेटली' असं लिहून खाली सही ठोकली. मामा खूश. वाटेत भेटेल त्याला त्यांनी ती पोच दाखवली, आणि मंगळवारी सकाळी गाळ्यासमोर आईबापांची ही रांग! प्रत्येकाच्या हातात फाइल. सोनिवलीहून एक म्हातारे बाबा नातवाचं बारावीचं सर्टिफिकेट पिशवीत गुंडाळून घेऊन आले होते. "मना पन ती पोच पायजे," म्हणत होते.

उमेदवार धावत आला आणि मामांना आत घेऊन गेला. "काका, काय करून ठेवलंत हे? शिपाई लावायची पण पॉवर नाय मला."

"मग बोलता कशाला?"

"मागच्या टायमाला नाय बोललो, तर पडलो. पब्लिक बोलली, हा काय कामाचा." मग आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांगू? माझा स्वतःचा पोरगा फॉर्म भरून घरी बसलाय."

मामांना त्याचंही पटलं. पंचाईत झाली ती इथेच. ते फाइल मागून घेऊन बाहेर आले. रांगेला खरं सांगावं म्हणून थांबले, पण सोनिवलीच्या बाबांच्या तोंडाकडे बघून "पाणी प्यायलात का?" एवढंच विचारलं आणि घरी आले.

 तीन दिवस मामा जेवताना वरण की आमटी यावरही मत देईनात, तेव्हा मामी घाबरल्या आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. मी गेलो तर मामांनी मला दारातच धरलं. "जावईबापू, तिला तुम्हीच सांगा. तुमचं ऐकेल." मी ऋतुजासमोर बसून घसा खाकरला. मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "ऋतू, तिथे कोणी काही देणार नाहीये. त्यानेच सांगितलंय मला. उद्या कंपनीला हो कळव."

मी मामांकडे बघतच राहिलो. 'पण' नाही, 'तसं पाहिलं तर' नाही.  ऋतुजा "बरं" म्हणाली आणि आत गेली.

त्याला आता चार महिने झाले. तो उमेदवार निवडून आला. मामांनी मत कुणाला दिलं ते विचारायची माझी हिंमत नाही. ऋतुजाचं लॅबमध्ये चांगलं चाललंय, साहेब कामावर खूश आहेत म्हणे. परवा सकाळीच मी शिरगावात गेलो, तेव्हा ती खाली शेअर रिक्षात बसून रिक्षा भरायची वाट बघत होती आणि मामा वर गॅलरीत उभे होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्या दिवशी भांडली नाही हो ती. पूर्वी मी काही सांगितलं की घर डोक्यावर घ्यायची. पाच वर्षांत पहिल्यांदा तिने माझं ऐकलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही." मग त्यांनी विचारलं, "मी बरोबर केलं ना, जावईबापू?"

"बरोबरच केलंत, मामा," मी म्हणालो. माझं मलाच ते नीट पटलं नाही. मामांनी मान हलवली, आणि रिक्षा वळणाआड जाईपर्यंत कठड्याला धरून तिथेच उभे राहिले.