हौसाबाईच्या बुटांची जागा

हौसाबाई आयुष्यात कधी बूट घालून चालल्या नाहीत. वडखळजवळच्या खाडीकाठी मिठागरात त्यांची चाळीस वर्षं गेली. मिठागरात वहाण चालत नाही. वाफ्याचा तळ तुडवून घट्ट करायचा तो उघड्या पायांनीच. टाचांना भेगा पडल्या, भेगांत मीठ शिरलं, आणि बाई जन्मभर बुटांची चित्रं जमवत राहिल्या.

गाव हसायचं. "पायात नाय वहाण, नि भिंतीवर बूट!"

"मंग? तुज्या भिंतीवर नटी हाय, ती काय नांदाय आलीय तुज्याकडं?"

रोह्याचा एक रद्दीवाला जुनी पोस्टकार्डं, दुकानांची जाहिरातीची कार्डं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी. एका कार्डाला ओंजळभर सुका जवळा, असा त्यांचा व्यवहार. अशी चौऱ्याऐंशी कार्डं जमली. कुठे बटणांचे उंच बूट घातलेली मडमीण, कुठे मुंबईच्या कुण्या दुकानाचा चकचकीत काळा जोडा, मागे मापांचा तक्ता. सगळ्यांना अजून जवळ्याचा वास येतो. मला तो आवडतो, कुणी काही म्हणो.

मी पेणच्या एका वाचनालयात कारकून आहे. यंदा एप्रिलात आम्ही जुन्या छापील वस्तूंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा हौसाबाईंना मीच बोलावलं. त्यांचा संग्रह पहिल्यांदाच चारचौघांत मांडला जाणार होता. नवं लुगडं नेसून, पत्र्याचा डबा छातीशी धरून त्या सकाळीच हजर झाल्या.

वाचनालयाच्या अध्यक्षांनी डब्यात डोकावून नाक मुरडलं. "समोर सरस्वतीची तसबीर आहे. पायताणं तिच्या बरोबरीनं कशी लावायची? खाली, टेबलाच्या पायाशी ठेवा. नाहीतर राहू द्या."

मला संताप आला. पण नोकरी आडवी आली आणि मी गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

हौसाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "खाली नाय लावनार. पायतानाची जागा दाराभायेर ना? मंग भायेरच लावते."

त्यांनी माझ्याकडून सुतळी मागून घेतली. दारासमोरच्या उघड्या फरशीवर दोन खांब आहेत, त्यांना ती डोळ्यांच्या उंचीवर बांधली आणि चिमट्यांनी कार्डं अडकवली. येणारा प्रत्येकजण चप्पल काढायला तिथेच थांबे, मान वर करी आणि बघतच राही. पोरी मोबाईलवर फोटो काढू लागल्या. बारा वाजेतो बाहेर ही गर्दी. आत फक्त पंखे फिरत होते आणि अध्यक्ष.

शेवटी तेच अनवाणी बाहेर आले. "बाई, आत आणा. वरच्या रांगेत लावू."

ऊन मी म्हणत होतं. बोलताना ते या पायावरून त्या पायावर नाचत होते. हौसाबाई त्याच फरशीवर सकाळपासून उभ्या होत्या.

"लादी तापलीय, सायेब," त्या म्हणाल्या. "तुमी आत जा. आमी हितंच बऱ्या."