नानाने बांधलेल्या गाठी

धूर काळा होता. ओट्यावर बायका दाटीवाटीने बसलेल्या, माझ्या भावजयीला, सुमनला, दोघींनी दोन्हीकडून धरलेलं, पन्हळीतून पावसाची धार अंगणात पडत होती, आणि तापीच्या बाजूला चिंचेच्या शेंड्यावरून वर चढणारा धूर मला दिसला. ओल्या लाकडाचा धूर पांढरट असतो, जड असतो, जमिनीलगत रेंगाळतो. हा डांबरासारखा काळा होता आणि सरळ आभाळात जात होता. मग वारा फिरला आणि वास आला. सुमनने पदर नाकाला लावला, माझ्याकडे पाहिलं... आणि आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं. माझा धाकटा भाऊ नाना, शहाद्याचा टायरवाला नाना, ज्याने जुनं टायर जळू नये म्हणून निम्मी हयात घालवली, त्याच्याच सरणात गावाने टायर टाकलं होतं.

गेलेल्या माणसावर लिहिताना गोड लिहावं असा रिवाज आहे. पेपरवाले पुरवणीसाठी दोन शब्द लिहा म्हणाले तेव्हा मीही तसंच ठरवलं होतं. शाळेत जन्मभर मुलांकडून निबंध लिहून घेतले, 'माझा भाऊ' या विषयावर मला लिहिता येणार नाही असं नाही. पण दहावं झालं, तेरावं झालं, पितृपक्षातला घास टाकून झाला, तरी माझा राग काही उतरत नाही. तेव्हा वाचकांनी मला माफ करावं. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेचसे त्या दिवशी घाटावर हजर होते.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा तीर्थाच्या अलीकडे. ऊस, केळी, कापूस, सगळं पिकतं. नानाने शेतीत राहावं अशी आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची इच्छा होती, पण त्याला लहानपणापासून चाकांचं वेड. त्याने शहाद्याला टायरचं दुकान टाकलं. ते नीट चालू लागलं आणि आबा गेले. ऐन आषाढ होता, असाच पाऊस लागलेला. सरण पेट घेईना. रॉकेल ओतलं, साखर टाकली, तरी नुसता धूर. तेव्हा कोणीतरी ट्रॅक्टरचं झिजलेलं टायर गडगडवत आणलं आणि आबांच्या पायाशी सारलं. आमच्याकडे पावसाळ्यात हे असंच चालतं. वाईट बुद्धीने कोणी करत नाही, उलट टायर आणून देणाऱ्याला लोक दुवा देतात. नाना घरी आला, आंघोळ केली, पुन्हा न्हाणीत गेला, पुन्हा आंघोळ केली. ओल्या केसांनी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आक्का, तो आबास्ना धूर नव्हता. टायरना व्हता. आनि ते टायर मीच इकेल शे." त्याच्याच दुकानातून विकलं गेलेलं टायर होतं ते. नाना गप्प बसला असं मी त्याच्या आयुष्यात तेवढंच पाहिलं.

कारण एरवी तो गप्प बसणारा नव्हता. साधा, भोळा, कामाशी काम ठेवणारा वगैरे तर मुळीच नव्हता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कानात अत्तराचा फाया, आणि 'मी'पासून सुरू होऊन 'मी'पाशीच संपणारं बोलणं. हर्षलला, त्याच्या मुलाला, सांगून आलेल्या पहिल्या मुलीच्या बापाला त्याने चहाआधी दुकानामागच्या टायरांच्या ढिगाऱ्यावर नेलं होतं. ते स्थळ हुकलं हे सांगायला नको. पण तो ढिगारा त्याला डाचत होता हे खरं. नवं टायर बसवायला आलेला माणूस जुनं तिथेच टाकून जातो. त्यात पाणी साचायचं, डास व्हायचे, आणि वीटभट्टीवाला ट्रक घेऊन यायचा. भट्टीला टायरसारखं जळण नाही. नाना त्याला हाकलून द्यायचा. "नेऊन काय करशी? जाळशी. मंग मी तरी काय कमी व्हतू जाळाले!" असं म्हणायचा, आणि भट्टीवाला दुसऱ्या दुकानदाराकडे जायचा. दुसरा देत होता. नाना एकटाच देत नव्हता, म्हणून बाजारात त्याला येडा म्हणत.

त्याला यंत्र सुचलं ते एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये. आमच्या भागातल्या माणसाला कापसाची गाठ कशी बांधतात हे सांगावं लागत नाही. खोलीभर रुई प्रेसमध्ये घालतात, दाबतात, लोखंडी पट्ट्या आवळतात, आणि बाहेर येते ती पेटीएवढी घट्ट गाठ. नानाचं म्हणणं, कापसाची गाठ होते तर टायरची का होऊ नये? जिनिंगचा मालक भंगारात काढत असलेला जुना प्रेस त्याने उचलून आणला, त्याला ट्रॉलीचे जॅक जोडले आणि दुकानामागे पत्र्याची शेड ठोकली. सुमन मला म्हणाली, "मशीन नई ती, मन्ही सवत शे." तिचं चुकत नव्हतं, सणावारी त्या यंत्राला पहिला हार आणि मग देवाला.

पण टायर म्हणजे कापूस नव्हे. कापूस दाबला की दबून राहतो, टायर दाबलं की दबा धरून बसतं. पहिली गाठ त्याने काथ्याच्या दोराने बांधली आणि सगळ्यांना बघायला बोलावलं. दाब सोडला, दोर तुटला, टायरं चहूकडे उडाली. एकाने शेडचा पत्रा उचकटला, एक घरंगळत रस्त्यावर गेलं आणि रसवंतीच्या चरकाला जाऊन टेकलं. रसवंतीवाला ते परत घेऊन आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नानाशेठ, हाई तुमनं पिल्लू पळी गयं." गावभर हसू झालं. नानाही हसला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शेडमध्ये. गाठीच्या पोलादी पट्ट्या वापरायच्या, दाब असतानाच आवळायच्या आणि मग दाब हळूहळू सोडायचा, एवढी ती युक्ती. सांगायला एक वाक्य, पण त्या 'हळूहळू'मध्ये त्याची वर्षं गेली, दोन बोटांची नखं गेली आणि सुमनच्या माहेरच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. शेवटी गाठ टिकली. टायरांचा एवढा मोठा ढीग, आणि बाहेर आला एक चौकोनी, काळा, दगडासारखा ठोकळा, ज्यावर चार माणसं नाचली तरी हलेना. नानाने खरोखर चार माणसं नाचवली.

मग तो ते ठोकळे घेऊन हिंडू लागला. नाल्याच्या काठाला लावा, बांधाला लावा, गोठ्याची भिंत करा. लोणखेड्याच्या एका शेतकऱ्याने विहिरीची खचणारी कड त्या ठोकळ्यांनी बांधून घेतली, नवापूरकडच्या डोंगरात एका कुटुंबाने शेळ्यांना वाऱ्याचा आडोसा केला. एवढंच. बाकी सगळे 'वा वा' करून चहा पिऊन गेले. सरकारी दारातही तो गेला. एका साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याला दुसरीकडे कुठे मान्यता मिळालीय का? नसेल तर पहिली मान्यता आम्ही कशी देणार?" म्हणजे नवी गोष्ट करायची तर ती आधी जुनी झालेली असावी! दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, हा विषय आमच्याकडे नाही. तिसऱ्या ठिकाणी विषय होता, माणूस रजेवर होता. एका मंडळाने मात्र शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि पुढच्या होळीत त्याच मंडळाच्या पोरांनी टायरं पेटवली. नाना ती शाल घेऊन परत करायला निघाला होता, सुमनने दारात अडवलं. मला विचाराल तर जाऊ द्यायला हवं होतं.

आमच्या गावासाठी त्याने न सांगता काम केलं. घाटाकडे उतरणारी वाट दर पावसाळ्यात खचायची, तिरडी नेणाऱ्यांचे पाय घसरायचे. नानाने ट्रॅक्टरने गाठी आणल्या, वाटेच्या कडेला एकावर एक बसवल्या, मधल्या फटींत माती भरली, वर गवत लावलं. ती वाट पुन्हा खचली नाही. तिरडी घेऊन येणारे त्या भिंतीला टेकून दम खायचे. भिंत पुरी झाली त्या दिवशी आमचा चुलतभाऊ भगवानबापू तिथे होता. गावात कोणी गेलं की बांबूपासून मडक्यापर्यंत सगळं बघणारा हाच, त्याच्याशिवाय आमच्याकडे मढं उठत नाही. नाना भिंतीवर चढून उभा राहिला आणि त्याला म्हणाला, "बापू, मन्हा सरणमां टायर टाकशात ते मी उठी बठसू, आतेच सांगी ठेवस." बापू पोट धरून हसला. मी तिथेच होते, म्हणून सांगते. तेव्हा माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

नाना भाद्रपदात गेला, दुकानात, गल्ल्यावर बसल्या बसल्या, गिऱ्हाइकाशी वाद घालत. गावी आणलं तोवर संततधार लागलेली. स्मशानभूमीच्या शेडचा पत्रा गळका, लाकूड उघड्यावर पडलेलं. आमच्या गावात सप्ताहाला मंडप होतो, लग्नाला डीजे येतो, पण मेलेल्या माणसासाठी ताडपत्रीखाली चार सुकी लाकडं ठेवावीत हे कोणाला सुचत नाही. घराघरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचलेल्या असतात, गोवऱ्यांचे हारे भरलेले असतात. मागितलं असतं तर एकही घर नाही म्हणालं नसतं. पण मागायला दारोदार जावं लागतं, टायर हाताशी असतं. आणि त्या दिवशी सगळ्यात हाताशी काय होतं? नानाची भिंत! त्यांनी वाटेच्या कडेची एक गाठ उपसून काढली, पट्टी कापली. गाठ उसळली आणि एक टायर भगवानबापूच्या नडगीवर बसलं. हे मला नंतर कळलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण उरलेली टायरं त्यांनी सरणावर चढवली. वर बापू म्हणाला, आणि ते कौतुकाने म्हणाला, हे मी कधी विसरणार नाही, "नानानी कमाई नानाले कामे उनी." म्हणे तिथे दोघातिघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी हर्षलला विचारलं. तो सुरतेला नोकरीला असतो, अग्नी त्यानेच दिला. मान खाली घालून म्हणाला, "आत्या, सगळे मोठे होते. मी काय बोलणार?" बापाच्या सरणापाशी मुलगा बोलत नसेल तर कोण बोलणार, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. आता लोक म्हणतात, नानाची भिंत ढासळायला लागली, पक्की नव्हतीच. एक गाठ मधून काढल्यावर भिंत काय करणार! तुमच्या घराची एक वीट काढून बघा.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी गेले. बाईने जाऊ नये म्हणतात. बाईने पुष्कळ काही करू नये म्हणतात. सुमन म्हणाली, "आक्का, तुम्ही जा. मन्हा पाय उचलत नई." पाऊस उघडला होता. राखेवर दूध शिंपडलं, अस्थी वेचायला घेतल्या आणि हाताला तार लागली. टायरच्या कडेत पोलादी तारेचं कडं असतं, रबर जळून जातं, ते उरतं. माझ्या भावाच्या हाडांमध्ये अशी काळी कडी पडली होती, एकात एक अडकलेली. बरगडी कुठली आणि तार कुठली हे बोटांनी चाचपून ठरवावं लागलं... मी एवढंच लिहू शकते. पुरुष ती कडी काठीने बाजूला सारत होते. त्यातलं एक लहान, स्कूटरच्या टायरचं असावं, ते मी पिशवीत घातलं. अस्थी प्रकाशाला तापीत गेल्या. कडं माझ्याबरोबर नंदुरबारला आलं. घरी चिंच लावून ते घासलं, सुटलेली तारेची टोकं आत वळवली, वरून सुतळी गच्च गुंडाळली. माझा माठ नेहमी डगमगायचा, तो त्यावर ठेवला. ठाम बसला.

परवा भगवानबापू आला होता. पाय अजून थोडा ओढत होता. गावाने ठरवलंय म्हणाला, स्मशानभूमीच्या शेडला नानाचं नाव द्यायचं, पाटी रंगवायला टाकलीय, आणि फीत कापायला मी यावं. मी म्हटलं, "पाटी ऱ्हाऊ द्या. तठे सुकं लाकूड भरा." तो म्हणाला, "ते पन व्हई, आक्का, ते पन व्हई." उन्हातून आला होता. मी माठातलं पाणी दिलं. त्याने पेला रिकामा केला, पाणी गार आहे म्हणाला, आणखी मागितलं. दुसरा पेला अर्धा झाल्यावर मी त्याला माठ कशावर बसलाय ते सांगितलं.

त्याने पेला तोंडापासून दूर धरला. माठाखाली पाहत राहिला, मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आक्का, स्मशाननी वस्तू घरमां ठेवतस का?"

मी म्हटलं, "आनि टायर सरणमां ठेवतस का, बापू?"

लाकडं वल्ली व्हतीत, असं काहीतरी तो पुटपुटला. पेला खाली ठेवून, चपला घालून तो निघून गेला. उरलेलं पाणी मी तुळशीला घातलं आणि माठ भरून पुन्हा त्याच कड्यावर ठेवला.