अर्ध्या चुण्यांची पर्स

जेवणानंतर पडवीतल्या खुर्चीत टेकलेल्या कुमुदबाईंचे डोळे मिटत आहेत. मांडीवर जांभळ्या कापडाची अर्धवट पर्स आहे, केतकीची. चुण्या पांढऱ्या कच्च्या धाग्याने धरून ठेवलेल्या, त्यांवरच्या पक्क्या टाक्यांच्या दोन ओळी घालायच्या राहिलेल्या. नऊ वर्षांची पोर गेल्या महिन्यात तापाने गेली. सकाळी तिची आई पर्स ठेवून गेली. एवढी पुरी करून द्या, संध्याकाळी न्यायला येते, म्हणाली. कुमुदबाई 'बरं' म्हणाल्या खऱ्या, पण सुई काही उचलवेना. उभा जन्म मुलांना शिवण शिकवण्यात गेला, पण मुलाच्या कामात त्यांनी स्वतःचा टाका कधी घातला नाही. ज्याचं त्याने उसवायचं, ज्याचं त्याने शिवायचं. आता आपण टाका घालायचा, म्हणजे केतकी येणार नाही हे कबूल करायचं.

पंख्याची घरघर लांब लांब जाते.

"बाई, सरका ना जरा."

केतकी पायरीवर बसली आहे. पायरी शाळेच्या जिन्याची आहे. जिन्यावरून मणी घरंगळत खाली चालले आहेत, आवाज न करता. कुमुदबाईंना नवल वाटत नाही. आली एकदाची, एवढंच वाटतं.

त्या पर्स तिच्या हाती देतात. दोनच ओळी राहिल्यात, म्हणतात. चुणीला चुणी जोडायची, दर जोडाला एक मणी, घाई करायची नाही. केतकी म्हणते, घाई तर बाईंनाच झालेली दिसते. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीय, तीही वाकडी. आमचं असलं काम चाललं असतं का? कुमुदबाईंना हसू येतं, किती तरी दिवसांनी.

केतकी सुई टोचते. सुई आरपार जाते, मागे दोरा येत नाही. पुन्हा टोचते. दोरा येत नाही. मनगट सैल सोड, कापड जवळ धर, कुमुदबाई नेहमीच्या धीराने सांगत राहतात. आता कुमुदबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या आहेत आणि शेजारी वर्गातल्या साऱ्या मुली माना खाली घालून शिवत आहेत.

"होत नाही, बाई. तुम्ही करा."

"तुझं काम तूच करायचं. मी थांबते, लागेल तेवढा वेळ."

"मग कच्चा धागा तरी काढा. घट्ट होतंय मला."

कुमुदबाई समजावतात. चुण्या त्या धाग्याने धरलेल्या असतात. आत्ताच ओढला तर जिथे टाका पडला नाही, तिथलं कापड मोकळं होईल.

"माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत."

केतकी गळ्याशी हात नेते. तिच्या दवाखान्यातल्या झग्याच्या गळ्याला त्याच जांभळ्या चुण्या आहेत. कुमुदबाई तिच्या तोंडाकडे बघतात आणि धागा ओढतात. तो निघतच राहतो. पोर मोठा श्वास सोडते.

फाटक वाजतं.

ऊन कलून पायरीवर आलं आहे. कुमुदबाईंच्या बोटाभोवती लांब पांढरा दोरा गुंडाळला आहे. मांडीवरच्या पर्सवर केतकीने शिवलेल्या ओळी तेवढ्या उभ्या आहेत. खालचं कापड सैल पडलं आहे, त्यावर नुसती चुण्यांसाठी काढलेली पेन्सिलीची टिंबं. त्या लगबगीने चुण्या चिमटीत गोळा करतात. धरल्या की राहतात, बोटं ढिली केली की उघडतात.

"झाली का हो, बाई?" केतकीची आई पायरीशी येऊन विचारते.

कुमुदबाई चिमूट सोडत नाहीत.