सोमवारी मोजलेलं पटांगण

आमच्या गल्लीच्या टोकाला एक धुलाईघर आहे. दारावर त्याचं नाव रंगवलेलं आहे, पण ते कुणालाच सांगता येणार नाही. लोक म्हणतात, "दोरीमावशींकडे टाकलेत कपडे." मावशी बुटक्या आणि चालायला भलत्या चपळ. एप्रनचे दोन्ही खिसे लाकडी चिमट्यांनी कायम फुगलेले. मुलाच्या लग्नाच्या फोटोतही त्यांच्या बाहीला एक चिमटा लटकलेला दिसतो. तो काढायचं कुणाला सुचलं नाही, कारण तो नसता तर त्या ओळखूच आल्या नसत्या.

धुलाईघरामागे पटांगण आहे, आणि तिथे बावीस दोऱ्या. पहिल्या पाच रुग्णालयाच्या चादरींच्या, कारण पांढऱ्याला सकाळचं ऊन लागतं. मधल्या घरोघरच्या कपड्यांच्या. कडेच्या दोन रंगीत कपड्यांच्या, तेही आतली बाजू बाहेर करून. प्रत्येक घराची खूण लाल दोऱ्याने कापडाच्या कोपऱ्यात नाहीतर कॉलरच्या आत घातलेली. आमची खूण म्हणजे दोन आडवे टाके आणि एक फुली. या खुणा कुठेही लिहून ठेवलेल्या नाहीत. त्या मावशींच्या डोक्यात आहेत, आणि चाळीस वर्षांत माझा पलंगपोस एकदाही दुसऱ्याच्या घरी गेलेला नाही.

मावशींच्या घरात माणसं चार. मावशी, इस्त्रीच्या टेबलाशी उभे असणारे काका, जे दिवसाला मोजून पाच-सहा वाक्यं बोलतात, मुलगा, जो बस चालवतो, आणि सूनबाई, जी त्याच रुग्णालयात परिचारिका आहे. "कामावर त्या चादरी, घरी आले की त्याच चादरी," ती म्हणते. "मला पेशंटपेक्षा त्यांचे डाग जास्त पाठ झालेत." मुलगा आणि सूनबाई इस्त्रीच्या टेबलावरच्या माळ्यावर झोपतात. खाली इस्त्री तापली की वर उकडतं. म्हणून तिने नगरपालिकेच्या घरांसाठी अर्ज केला होता. माझ्याच टेबलावर बसून भरलाय तो.

सोमवारी धुलाईघराला सुट्टी. त्या दिवशी मावशी सगळ्या दोऱ्या उतरवतात, साबणाच्या पाण्यात भिजवतात, वळ्या करून टांगतात. खांबही उपटून शेडमध्ये आडवे घालतात. ताणलेली दोरी सैल पडते आणि एकदा सैल पडली की ती चादरीला जमिनीची चव दाखवते, असं त्यांचं म्हणणं. मग पटांगण झाडून लख्ख.

नेमके अशाच एका सोमवारी नगरपालिकेचे दोन लोक टेप घेऊन आले. त्यांत एक नगररचना विभागाचे अभियंते होते. उंच, डोक्यावर टोपी, घामाघूम. मावशींनी त्यांना सरबत दिलं.

"काय हो, जागा चांगली मोकळी दिसतेय," अभियंते म्हणाले.

"मोकळी? एक खडा सापडला तर दाखवा! एवढी स्वच्छ जागा अख्ख्या शहरात मिळायची नाही तुम्हाला."

इतकंच नाही, टेपचं एक टोक धरायला माणूस कमी पडत होता, तर मावशींनी ते धरलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, हसतमुखाने.

पाच महिन्यांनी शहराचा प्रारूप आराखडा लागला. त्यात हे पटांगण पिवळ्या रंगात होतं. पिवळा म्हणजे निवासी. बाजूला लिहिलेलं: 'मोकळी जागा, कोणताही वापर नाही, गृहप्रकल्पासाठी आरक्षित.' चार इमारती.

नकाशा घरी आणून सूनबाईने तो इस्त्रीच्या टेबलावर पसरला.

"आई, टेप कुणी धरला होता?"

"मला काय ठाऊक ते कशाला मोजतायत!"

"विचारायचं ना!"

"पाहुण्याला कुणी विचारतं का, की बाबा कशाला आलास?"

"आणि वर सरबत पाजलंत. साखर बरोबर होती ना त्यात?"

मावशी तेव्हा हसल्या, पण खिशातले चिमटे काढून उगाचच मोजायला लागल्या. पटांगण गेलं तर ऊन गेलं, आणि ऊन गेलं तर धुलाईघर गेलं. मशीनमध्ये वाळवलेल्या चादरी रुग्णालय दुसरीकडूनही घेऊ शकतं. दुसरीकडे सूनबाईचा अर्ज होता, याच चार इमारतींसाठी. ती सासूला चिडवत होती, पण नकाशावरच्या त्या पिवळ्या चौकोनावरून तिचं बोट काही हलत नव्हतं.

"मला घर हवंय आई," ती शेवटी म्हणाली. "पण ते तुमच्या दोऱ्यांवर नको. आणि ते पलीकडचं मेलं गोदाम अकरा वर्षं बंद पडलंय, ते नाही दिसलं का कुणाला?"

"गोदाम जांभळं आहे," काकांनी नकाशाकडे बघून सांगितलं. जांभळा म्हणजे औद्योगिक. त्या दिवसाचं त्यांचं ते तिसरं वाक्य असावं.

हरकती द्यायला तीस दिवस होते. मावशींचा अर्ज मी लिहून दिला, चांगला दोन पानी. तो धुलाईघरात ओला झाला, म्हणून काकांनी त्याला इस्त्री केली. सुनावणीला आम्ही सगळे गेलो. काकांच्या शर्टाची घडी अशी, की बसताना ते वाकायला तयार नव्हते.

सभागृहात लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडावर आराखडा. मध्ये समितीचे सभापती, शेजारी ते उंच अभियंते. प्रत्येक हरकतीला चार मिनिटं. मावशींची पाळी आली. अर्ज हातात होताच, पण त्या तो वाचेनात.

"मावशी, बोला," सभापती म्हणाले. "पण आधीच सांगतो, नोंदीप्रमाणे तिथे कुठलाही व्यवसाय नाही. प्रत्यक्ष पाहणी झालेली आहे."

"सोमवारी झाली ना साहेब? सोमवारी तर तुमच्या भाजीबाजारातही कुणी नसतं. तोही रिकामा म्हणून लिहून टाका."

मागून कुणीतरी हसलं. सभापतींनी घड्याळाकडे पाहिलं. "पुरावा काय, ते सांगा."

मावशी टेबलाजवळ गेल्या आणि हिरव्या कापडाचा कोपरा उलटला. आत लाल दोऱ्याच्या दोन फुल्या आणि एक उभा टाका.

"ही नगरपालिकेची खूण. हे कापड गेल्या गुरुवारी एकविसाव्या दोरीवर होतं. खिडक्यांचे पडदे बाराव्या आणि तेराव्या. डाव्या पडद्याला शाई लागली होती, ती मी लिंबाने काढली."

"पडदे कुठेही वाळू शकतात," सभापती म्हणाले, पण आवाज जरा नरमला होता.

"मग साहेब, राग मानू नका, जरा कॉलर उलटी करता?"

सभापतींनी हात कॉलरकडे नेला आणि तिथेच थांबवला. अभियंत्यांना मात्र उंच असल्यामुळे वरून सगळं दिसत होतं. त्यांनी मान वाकवली.

"आहे साहेब. तीन टाके, एक टिंब."

"तुमचीही बघा," मावशी अभियंत्यांना म्हणाल्या. "चार टाके. आणि वरून दुसरं बटण आमच्या यांनी शिवलंय, तुम्ही सांगितलं नव्हतं तरी."

मग जो हशा उसळला, तो सभापतींनाही आवरेना. "माझ्या मानेवर माझ्या घराचा पत्ता आहे हे मला आज कळतंय," ते म्हणाले. "ठीक आहे, जागा वापरात आहे. पण मावशी, घरांसाठी अडीचशे अर्ज आलेत. यादीत तुमच्या सुनेचंही नाव आहे. ती घरं कुठे बांधू, सांगा?"

मावशींनी एकदा मागे वळून सूनबाईकडे पाहिलं. तिने हनुवटीने नकाशाच्या वरच्या कडेकडे खूण केली. मावशींनी खिशातून चार चिमटे काढले आणि ते नकाशातल्या पटांगणावर दोन-दोन करून उभे केले.

"हे तुमचे आराखड्यातले. पुढच्या दोन इमारतींची सावली दिवसभर पडणार मागच्या दोनवर. घर देताय, पण ऊन काढून घेताय." मग त्यांनी चारही चिमटे उचलले आणि उत्तरेला, जांभळ्या चौकोनावर एका ओळीत नेऊन ठेवले. "इथे ठेवा, बंद गोदामाच्या जागी. सावली गोदामामागच्या नाल्यावर पडेल, त्याला काही कपडे वाळवायचे नाहीत. दक्षिणेला माझं पटांगण, तिथे कुणी मजले चढवणार नाही. म्हणजे प्रत्येक गॅलरीत ऊन. साहेब, मी चाळीस वर्षं सावलीला चुकवत कपडे हलवतेय. ती कुठे कधी येते ते मला विचारा."

अभियंते चिमट्यांकडे बघत राहिले. त्यांनी एक चिमटा बोटभर सरकवला, पुन्हा जागेवर आणला. "औद्योगिक क्षेत्र निवासी करावं लागेल," ते हळूच म्हणाले. "प्रस्ताव ठेवता येईल. सहा घरं कमी होतील, पण गॅलऱ्यांना खरंच ऊन मिळेल."

"चार मिनिटं कधीच संपली," सभापती म्हणाले. "पण चिमटे राहू द्या. बैठकीत लागतील."

"परत पाठवा मात्र," काका म्हणाले. सभागृहातलं त्यांचं ते एकमेव वाक्य.

तीन महिन्यांनी नगरपालिकेच्या सभेत ठराव झाला. गोदामाची जागा पिवळी झाली. पटांगणाला वेगळा रंग नव्हता, म्हणून त्यावर बारीक आडव्या रेघा मारल्या आणि लिहिलं: 'धुलाई व वाळवण, कायम.' मावशी म्हणाल्या, रेघा बावीस हव्या होत्या, यांनी सतराच काढल्यात.

नव्याने मोजायला अभियंते बुधवारी आले. बावीसही दोऱ्या भरलेल्या. उंच माणूस, ओल्या चादरींखालून वाकून जाताना टोपी दोनदा पडली. या वेळी टेपचं टोक सूनबाईने धरलं होतं, आणि आकडा लिहून होईपर्यंत तिने ते सोडलं नाही. यादीत तिचं नाव लागलंय, तिसऱ्या मजल्यावर. पाया भरून झालाय. खिडकीतून पटांगण दिसेल, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही चादरी सुटणार नाहीत, अशी तिची तक्रार आहे. ती तक्रार ती सगळ्यांना आवर्जून सांगते.

दोऱ्या अजूनही दर सोमवारी उतरतात, भिजतात, वळ्या होऊन टांगल्या जातात. मात्र एकवीसच. बाविसावी मावशी मुद्दाम बांधलेली ठेवतात आणि तिच्यावर एक जुना लाल टॉवेल घालतात. टॉवेल कोरडाच असतो. मी एकदा विचारलं, हा कशाला?

"बाई," त्या म्हणाल्या, "कुणी मोजायला आलंच तर."